आठवं काज

"चौकोनात गोल, गोलात त्रिकोण, त्रिकोणात परत चौकोन. यांना काय स्वतंत्र खोल्या परवडत नाहीत का?"

खारू हे पुटपुटली ते माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मी हसले नाही. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकानं हसायचं नसतं, आणि रविवारी सकाळी आमच्या घरात पर्यवेक्षक मी असते. बाकी आठवडाभर मी काजं करते.

आमचं घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मधल्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्याच्या एका टोकाला शिंप्याकडून आलेल्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या टोकाला खारूची पुस्तकं. खारू म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी घास गालात साठवून बसायची खारीसारखी, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते आता सव्वीस वर्षांची झाली तरी निघत नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता तिच्या मनानं घेतलं की पुढे शिकायचं. विद्यापीठातल्या एका बाईंनी तिचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे एक जागा आहे. प्रवेश परीक्षेत गुण आण, जागा तुझी." पण पुढच्या वर्षी बाईच निवृत्त होणार. म्हणजे जागा आहे ती यंदाच.

परीक्षेला दोन अंगं. एक शब्दांचं, एक गणिताचं. प्रत्येकाचे दोन भाग, एका भागात वीस प्रश्न आणि पस्तीस मिनिटं. खारूनं ही परीक्षा दोनदा दिली होती. आता तिसरी खेप, आणि मध्ये तीन रविवार उरले होते.

शब्दांसाठी मी शिंप्याच्या खाकी कागदाच्या चिठ्ठ्या कापून दिल्या होत्या. एकेका चिठ्ठीवर एकेक परका शब्द, मागे त्याचा अर्थ. त्या टाचणीनं पडद्याला टोचलेल्या. माझं शिक्षण नववीत थांबलं, पण काजं करताना कान रिकामे असतात, त्यामुळे निम्मे शब्द मलाही पाठ झाले. 'लॅकोनिक' म्हणजे मोजकं बोलणारा. हा शब्द आमच्याकडे कुणालाच पाठ करावा लागला नाही, तो पुढच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. 'गॅरुलस' म्हणजे बडबड्या. तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती परिचारिका आहे. रविवारी रात्रपाळी संपवून थेट आमच्याकडे येते, चहा पिते आणि कॉटवर आडवी होऊन झोप लागेपर्यंत बोलते.

आणि भिंतीवर परीक्षेचं घड्याळ.

त्या घड्याळाची गोष्ट आधी सांगायला हवी. घड्याळजीच्या घरात खरी वेळ कुठल्याच घड्याळात नसते. दुरुस्तीला आलेली तीस-चाळीस घड्याळं तीस-चाळीस वेळा दाखवत असतात आणि आपण आपलं भुकेवर जेवायचं. पहिल्या परीक्षेत खारूला बरे गुण आले नाहीत. वेळ पुरला नाही, शेवटी हात थरथरायला लागला, असं ती म्हणाली. तेव्हा यांनी न बोलता माळ्यावरून एक लंबकाचं जुनं घड्याळ काढलं. त्याची काच कधीच फुटली होती. पुसून, तेल देऊन टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं.

"फोन बाहेर ठेवायचा," हे तिला म्हणाले. "तो जवळ असला की बघितला जातो. हे बघ. प्रत्येक भागाच्या आधी काटे बारावर आणायचे आणि लंबकाला धक्का द्यायचा. भाग संपला की थांबवायचं."

एका दमात पाच वाक्यं! मी आणि बहीण एकमेकींकडे बघतच राहिलो.

त्या घड्याळावर खारूचं बस्तान बसलं. पहिल्या रविवारी शेवटचा एक प्रश्न राहिला. मग हळूहळू वीसच्या वीस प्रश्न होऊ लागले, आणि बहुतेक बरोबर. ती घरभर नाचायची. हे दुकानातूनच मान डोलवायचे.

आता माझा भाग. शर्टाच्या पुढच्या पट्टीला सात काजं असतात. हातानं एक काज करायला मला पाच मिनिटं लागतात, पावणेपाच नाही की सव्वापाच नाही. वीस वर्षं करतेय. म्हणजे पस्तीस मिनिटांत एक पट्टी. खारूचा भाग सुरू झाला की मी सुई ओवायची आणि भाग संपला की सातव्या काजाची गाठ मारायची, असा हिशेब हवा होता. पण त्या घड्याळावर माझी आठ काजं होऊ लागली. आठवं पुढच्या शर्टाला लागायचं.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझा हात सुधारला. या वयात! मी बहिणीला सांगितलंसुद्धा, "बघ, माणसं म्हातारपणी थकतात, माझा वेग वाढतोय." शिंप्याकडे गेले आणि जास्त काम मागून आणलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, अकलेलाही नसतं.

मग दुसरी परीक्षा झाली, आणि गुण पहिल्यापेक्षा खाली. चारही भागांत शेवटचे तीन-तीन प्रश्न हातच न लावता राहिले.

त्या दिवशी खारू चपला न काढता टेबलाशी बसली. "मला कळतच नाही, आई. घरी मी सगळं सोडवते. तिथे गेले की वेळ पळतो. माझ्याच डोक्याला काहीतरी होतं तिथे."

"खोलीत गारवा असेल," मी म्हणाले.

"खुर्ची उंच असेल," बहीण म्हणाली. "पाय लोंबकळले की रक्त खाली उतरतं."

यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोर घड्याळ नसताना लावलं.

तेव्हा मला आठवं काज आठवलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि घड्याळाच्या पोटात डोकावले. लंबकाची दांडी नवी होती. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या घड्याळाची. चकती नेहमीच्या जागेपासून चांगली तीन बोटं खाली आली होती. लंबक लांब केला की घड्याळ मागे पडतं, एवढं घड्याळजीच्या बायकोला कळतं.

मला राग यायला हवा होता. पण मला आठवलं, खारू पाच वर्षांची होती, शेजारपाजारची मुलं जेवून खेळायला जायची आणि ही गालात घास घेऊन रडत बसायची, की मला उशीर झाला, मला उशीर झाला. तेव्हा हे उठायचे, भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाला बोट लावायचे आणि म्हणायचे, "हे बघ, थांबवलं. आता तुला उशीर होऊच शकत नाही. जेव सावकाश." ते पोर खरंच सावकाश जेवायचं. आणि बाप बोट लावून तसाच उभा.

त्या माणसावर काय रागवायचं?

पण सांगायलाही हवं होतं. आणि सांगायचं तरी काय? सांगितलं तर घरात मिळवलेला एकेक गुण खोटा ठरणार, आणि परीक्षा तोंडावर. न सांगितलं तर तिसऱ्यांदा तेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तीन रविवार उरले होते म्हणाले ना, त्यातल्या पहिल्याच रविवारी बहिणीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. हातात चहाचा कप, आवाज बारीक. बारीक म्हणजे तिच्या मानानं.

"ताई, भावजींच्या त्या घड्याळाची नाडी ठीक नाही."

"म्हणजे?"

तिनं मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "पडल्या पडल्या बघत होते. त्याची पाच मिनिटं म्हणजे माझी पावणेसहा. माझं घड्याळ पेशंटच्या नाडीवर लावलेलं असतं, ते चुकत नाही."

"तू झोप आता."

"तुला माहितीये," ती म्हणाली.

"झोप म्हटलं ना."

तिनं कप ठेवला. "मी नाही सांगणार बाई. मी रोज लोकांना वाईट बातम्या देते, घरी सुट्टी घेते." आणि जन्मात पहिल्यांदा ती न बोलता झोपली.

बाहेर खारू मोठ्यानं वाचत होती. गणिताचा प्रश्न असला की ती मोठ्यानं वाचते. "एक घड्याळ तासाला चार मिनिटं मागे पडतं. सकाळी सहाला ते बरोबर लावलं, तर..." आणि खळखळून हसली. "बाबा! हा तुमच्या खात्यातला प्रश्न आहे!"

दुकानातून स्क्रू पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ जमिनीवर चाचपडल्याचा. खारूनं तो प्रश्न बरोबर सोडवला.

संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी यांच्यासमोर जाऊन बसले. दुकानात सगळी घड्याळं आपापलं टिकटिकत होती.

"अहो, ते परीक्षेचं घड्याळ..."

"तेल द्यायला हवं," हे म्हणाले.

"तेल देऊन होईल?"

यांनी चिमटा खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. "हात थरथरत होता तिचा. थरथर जाईपर्यंत म्हणून थोडं... नंतर हळूहळू आखूड करणार होतो."

"मग केलं नाहीत?"

"एकदा एक बोट केलं. त्या दिवशी दोन प्रश्न राहिले. जेवली नाही ती." यांनी भिंग काढलं. भिंगाचा गोल वळ डोळ्याभोवती उमटला होता. "परत खाली सोडलं."

एवढंच बोलणं झालं. सांगायचं कुणी, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांकडे सरकवला आणि तो मध्येच पडून राहिला.

मग मी जे केलं ते माझ्या अकलेला शोभेल असंच केलं. मला वाटलं, ते आखूड करत नाहीत तर मी करते, पण कळू न देता. औषध साखरेत घालून देतात तसं. घड्याळाला काच नव्हतीच. पुढच्या रविवारी दुसरं काज झालं, खारू प्रश्नात बुडाली होती, तेव्हा मी धागा तोडायच्या निमित्तानं उठले आणि मोठा काटा बोटानं पाच मिनिटं पुढे सारला. भाग संपला तेव्हा माझी सात काजं झाली होती. बरोबर पस्तीस मिनिटं. आणि खारूचे तीन प्रश्न राहिले होते.

"असं कसं झालं?" ती घड्याळाकडे बघत राहिली.

"होतं कधी कधी," मी म्हणाले. पुढच्या भागात परत सारला. परत तीन राहिले.

हे दारात उभे होते. यांना काय सांगायला हवं? ज्याला घड्याळाच्या आवाजावरून त्याचा दात कुठे झिजलाय ते कळतं, त्याला काटा सारलेला कळणार नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुईकडे बघितलं.

आणि आठवड्यात कधीतरी, मला न विचारता, त्यांनी ती चकती आणखी खाली सोडली.

झालं ते असं. नवरा मागून वेळ ताणतोय, बायको पुढून आखडतेय, आणि मध्ये ते लेकरू. शेवटच्या रविवारी पहिल्या भागात मला काटा हलवायला संधीच मिळाली नाही, तेव्हा माझी नऊ काजं झाली आणि खारूचे वीसही प्रश्न झाले, वर उजळणीही. दुसऱ्या भागात मी घाबरून काटा एकदा सारला, मग आपण सारला का असा संशय आला म्हणून परत सारला. तिचे सात प्रश्न राहिले. तिसऱ्या भागात ती मधेच थांबली. पेन्सिल आडवी ठेवली.

"मी बुधवारी जाणार नाही," ती म्हणाली.

कॉटवर बहीण उठून बसली.

"परीक्षा रद्द करते. बाईंना कळवते की जागा दुसऱ्या कुणाला द्या." तिचा आवाज अगदी सरळ होता, आणि तेच भयंकर होतं. रडली असती तर आम्ही काहीतरी केलं असतं, पाणी आणलं असतं. "आधी वाटायचं, तिथे गेल्यावर होतं. आता घरीही व्हायला लागलंय. अर्धा तास कुठे जातो मला कळत नाही. मावशी, तुमच्या दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर कधी असतात?"

बहिणीनं तोंड उघडलं आणि तिला बोलायला काही सुचलं नाही. गॅरुलसची चिठ्ठी तिच्या डोक्याच्या वर लटकत होती.

"तसलं काही नाही गं," मी म्हणाले. "थकवा आहे. झोप नीट..."

"आई, मी वेडी होतेय का तेवढं सांग. बाकी काही नको."

तेव्हा हे आत आले. स्टुलावर चढले, लंबक हुकावरून काढला आणि टेबलावर तिच्या पुस्तकावर आडवा ठेवला. मग खिशातून दुसरी दांडी काढली, आखूड, मूळची. ती शेजारी ठेवली. खिशात घेऊन फिरत होते म्हणजे. किती दिवस, देव जाणे.

खारूनं दोन्ही दांड्या बघितल्या. बोटानं फरक मापला. गणितात ती कच्ची कधीच नव्हती.

"कधीपासून?"

"पहिल्या परीक्षेनंतर," हे म्हणाले.

"मीही काटा पुढे सारायचे," मी म्हणाले. "गेल्या रविवारपासून. म्हणजे बरोबर व्हावं म्हणून."

"मी फक्त बघितलं," बहीण म्हणाली. "मी काही केलं नाही. तेच केलं."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती हसली. सुटल्यासारखी हसली, डोळे पुसत. "म्हणजे डोकं ठीक आहे माझं! अरे देवा. तुम्ही तिघं ना... घड्याळजीचं घर आणि साधं पस्तीस मिनिटं सांगणारं माणूस नाही!" तिनं बहिणीचं मनगट ओढलं आणि तिच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. "चला. आता खऱ्या वेळेवर. चौथा भाग. कुणी हात लावायचा नाही. आई, तू काजं कर."

आम्ही बसलो. बहीण कॉटच्या कडेला, हे दारात, मी सुई घेऊन. खारूची पाठ मी वर्षभरात इतकी ताठ पाहिली नव्हती. पेन्सिल पळत होती. मध्ये एकदा ती म्हणाली, "हा सोपा आहे," आणि माझ्या मनात आलं, कोण जाणे, आपणच उगीच घाबरत होतो. एक काज. दोन. कधी नव्हे ते मी मुद्दाम हळू करायला गेले, पण हात ऐकेना. पाच. सहा.

सातव्या काजाची गाठ मारली तेव्हा तिनं पेन्सिल ठेवली.

तीन प्रश्न राहिले होते.

ती कागदाकडे बघत राहिली. मग मनगटी घड्याळ कानाला लावलं, चालू आहे का बघायला. चालू होतं.

"आज मन थाऱ्यावर नव्हतं ना," ती म्हणाली. "एवढं सगळं झाल्यावर."

"तेच तर," मी म्हणाले.

"टेबलही हलत होतं," बहीण म्हणाली.

"बुधवारी होईल," खारू म्हणाली. "तिथे शांत असतं. होईल ना, बाबा?"

मी आठव्या काजाला सुई घातली होती, ती तशीच राहिली. पुढे दुकानात घड्याळं वाजत होती, प्रत्येक आपापल्या वेळेला. हे टेबलाशी आले. लंबकाची लांब दांडी उचलली, आणि लंबक हातात असला की त्यांचं बोट सवयीनं जिथे जातं तिथे, चकतीवर, गेलं. ते बोट त्यांनी काढून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"खारू, तुला पस्तीस पुरत नाहीत. चाळीस लागतात. ती वरची पाच मिनिटं माझ्याकडे नाहीत गं."